हाक मारायचं नाव

पुढचा केसपेपर तिने उचलला, वाचला आणि गठ्ठ्याच्या तळाशी सारला.

"पैलवान!" तिने त्याच्या नंतरच्याला हाक मारली. एक ससा आत गेला.

जनावरांच्या दवाखान्यात हाक जनावराला मारायची, मालकाला नाही, हा डॉक्टरीणबाईंचा दंडक होता. "पेशंट कोण आहे? मग नाव कोणाचं घ्यायचं?" त्यामुळे वर्षानुवर्षं येणाऱ्या माणसांचीही नावं इथं कुणाला ठाऊक नव्हती. माणसं होती ती कासववाले, बुलडॉगची मावशी, पोपटवाल्या आजी.

दवाखान्याच्या काउंटरवर रजेनंतरचा तिचा हा पहिलाच दिवस. तळाशी सारलेल्या कागदावर लिहिलं होतं : लीना, मांजर, मादी.

तिच्या आईचं नाव लीना होतं.

ते काही आईने एकटीने विकत घेतलेलं नव्हतं. नदीकाठच्या एका गल्लीला ते होतं, पलीकडच्या तीरावर जाणाऱ्या लाँचच्या बाजूला निळ्या अक्षरांत होतं, रोपवाटिकेत एका पिवळ्या गुलाबाच्या कुंडीत खोचलेल्या पाटीवरही होतं. आई गेल्यापासूनच्या पंधरवड्यात ते तिला जिथंतिथं भेटलं आणि ती मान वळवून पुढे गेली. पण ती वाचायची नावं होती. हे हाक मारायचं होतं. जन्मात आईला तिने नावाने हाक मारली नव्हती, कोण मारतं? शेवटी शेवटी आई डोळे उघडेना, तेव्हा नर्स म्हणाली होती, "नावाने हाक मारून बघा. 'आई' म्हटलं की वॉर्डातल्या निम्म्या बायका माना वळवतात." तरी ती आपली "आई, आई"च म्हणत राहिली.

आणखी दोन कुत्री आत जाऊन आली. मग दार किलकिलं करून डॉक्टरीणबाईंनी डोकं बाहेर काढलं.

"अगं, सकाळी कुणाचा तरी फोन आला होता, मांजरीला धाप लागलीय म्हणून. अजून नाही आले?"

"बघते," म्हणत ती उठली. "मांजर... मांजर कोणाची आहे?"

तिघं टोपल्या घेऊन उठले. चौथ्याने पिशवी वर करून दाखवली.

"अहो, इथं मांजरंच मांजरं," कासववाले म्हणाले. "नाव घ्या की! नाव घ्यायला काय लाजताय?"

खोलीत हशा पिकला. गठ्ठ्याच्या तळातून तिने तो कागद ओढून काढला, दोन्ही हातांत धरला.

"लीना."

तिचं तिलाच जेमतेम ऐकू आलं.

"जरा मोठ्याने, ताई! बाहेर पायऱ्यांवरही माणसं बसलीत."

"लीना!"

"ओ!"

ओ आली ती कोपऱ्यातून. स्वच्छ, तत्पर, शाळेतल्या मुलीने द्यावी तशी. पोपटवाल्या आजी पिंजरा सावरत अर्ध्या उठल्या होत्या. तेवढ्यात पायऱ्यांवरून एक शिंपी, गळ्यात टेप तशीच लटकलेली, टोपली छातीशी धरून धावत आला. टोपलीतली मांजर तोंड उघडं टाकून श्वास ओढत होती. आजी हळूच खाली बसल्या.

"कुत्र्यांना घाबरते म्हणून बाहेर बसलो," शिंपी म्हणाला. "आमचा नंबर चुकला का हो?"

"चुकला नाही. मी चुकवला." तिने त्याच्यासाठी दार उघडलं आणि तिथेच चौकटीला धरून उभी राहिली. आतून ऑक्सिजनच्या नळीचा फस्स आवाज आला, भांड्यांचा खडखडाट आला. बऱ्याच वेळाने डॉक्टरीणबाईंचा आवाज आला, "येतोय आता श्वास. तुम्ही पण घ्या, काका, नाहीतर तुम्हाला लावावी लागेल नळी."

मग ती जागेवर येऊन बसली.

"अगं, मला वाटलं मलाच," आजी खोलीभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "माझंही तेच नाव."

"तुमचं?"

"का? मी काय पोपटवाली म्हणून जन्माला आले?" पिंजऱ्यातल्या पोपटाने मान वाकडी केली. "घरात आजी, दुकानात आजी, इथं या कप्तानाची आजी. नावाने हाक मारणारी होती ती एकेक करून गेली सगळी. तरी ओ बघ कशी आपसूक निघाली!"

"बसा हं, लीनाबाई. आता तुमचाच नंबर."

"बाई-बिई नको लावूस. मघाशी मारलीस ना, तश्शी मार."

थोड्या वेळाने शिंपी बाहेर आला. मांजर टोपलीत तोंड मिटून पडली होती आणि तिच्या पोटावरची टोपी संथ वर-खाली होत होती. टोपी शिंप्याची होती. जाताना त्याने एक हात वर केला.

पुढच्या कागदावर होतं : कप्तान, पोपट, नखं कापणे. दंडक तो दंडक. तिने हाकेसाठी तोंड उघडलं, मिटलं. मग म्हणाली, "लीना!"

ओ आली नाही. पिंजरा मांडीवर घट्ट धरून आजी समोरच्या भिंतीकडे बघत बसल्या होत्या, हसू दाबून, जसं काही ऐकूच आलं नाही.

ती खुर्चीतून उठली आणि तिने पुन्हा हाक मारली.