हाराचे खिळे

दोहाच्या इंडस्ट्रियल एरियातल्या वर्कशॉपमध्ये रंगनाथ सुतारानं अमेरिकेतल्या एका ऐतिहासिक शहराच्या महापौरांचे फोटो फ्रेम करून भिंतीला टेकवले होते. प्रदर्शन भरवणाऱ्या पूर्णिमामॅडम बघायला आल्या. “काका, प्रत्येक फ्रेमला वर हे दोन खिळे कशाला?” “हार घालायला, मॅडम.” “अहो, शेवटचे दोघे अजून जिवंत आहेत.” “जित्या माणसाचा फोटो भिंतीवर लावत्यात व्हय?” “लावतात की. मान असतो तो.” गावची सरपंचकी सोडताना रंगनाथच्या वडिलांनी एकच हट्ट धरला होता, “तू एवढा सुतार, माझा फोटो पंचायतीत लाव की.” “असलं अभद्र बोलू नका, अण्णा,” म्हणत त्यानं दर सुट्टीत विषय टाळला होता. त्यानं पक्कड घेऊन जिवंत महापौरांचे खिळे उपटले. अण्णांची फ्रेम त्यानं केली ती तेराव्याला. तिचे खिळे आता उपटता येणार नव्हते.