चाळिसावा आवाज

"आधी आवाज," म्हणत डॉ. श्यामकांत गुप्त्यांनी टेपरेकॉर्डरची कळ दाबली. "बोल बाळ, 'मामा, मला नवीन माळ आण ना.'"

समोर स्टुलावर नऊ वर्षांची अनुपमा बसली होती. मागे तिची आई शेवंती पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभी.

"फक्त आवाजच घेणार ना, डॉक्टरसाहेब?"

"फक्त आवाज. सहा आठवडे झाले ऑपरेशनला, आता कसली सुई नि कसलं काय!"

मुलुंडच्या एका कंपनीच्या दवाखान्यात तिथल्याच कामगारांच्या पोरांचे टॉन्सिल कार्डावर फुकट निघत. गिरण्यांच्या संपाला दीड वर्ष होत आलं होतं, आणि कार्ड नसलेल्यांना परत पाठवता पाठवता सिस्टर अँजेलिना मेटाकुटीला आली होती.

गुप्त्यांचा हात चांगला होता, पण खरं वेड आवाजाचं. ऑपरेशनआधी प्रत्येक पोराकडून ते एक वाक्य टेपवर घेत, सहा आठवड्यांनी तेच पुन्हा. टॉन्सिल काढले की पोराचा आवाज जातो, असं लोकांच्या डोक्यात घट्ट बसलं होतं. त्या धास्तीने आया पोरांना तोंड वासून घोरू देत, पण दवाखान्याची पायरी चढत नसत. आवाज जात नाही, उलट मोकळा होतो, हे गुप्त्यांना येत्या रविवारी दादरला शंभर डॉक्टरांपुढे सिद्ध करायचं होतं. अडचण एकच. एकोणचाळीस पोरांच्या आवाजात पडलेला फरक गुप्ते सोडून कुणाच्या कानाला कळत नव्हता.

"मला तर दोन्ही सेमच वाटतात," सिस्टर म्हणायची. गुप्त्यांचा चेहरा पडायचा.

अनुपमा चाळिसावी. त्यांनी तिची जुनी टेप लावली.

"बाबा, बला दवीद बाळ आड दा," यंत्रातून गुदमरलेला, ओढलेला आवाज आला.

मग आत्ताची लावली.

"मामा, मला नवीन माळ आण ना!"

खणखणीत. सिस्टर हातातला ट्रे घेऊन दारातच थबकली.

"जीझस! ही तीच पोरगी?"

गुप्त्यांना खुर्चीत बसवेना. त्यांनी टेप तीनदा फिरवली. नाक मोकळं झालंच होतं, पण आवाज खालच्या पट्टीत आला होता, आणि पोर बोलतही होती भराभर. श्वास पुरायला लागल्यावर बोलण्याचा वेगसुद्धा वाढतो की काय? हे तर कुठल्या पुस्तकात नव्हतं! त्यांनी वहीत लिहून खाली दोन रेघा मारल्या. रविवारी ही एक जोडी ऐकवली की बास.

"झालं ना? येतो आम्ही," शेवंतीने पोरीचा दंड धरला.

"थांबा, थांबा. घसा बघू दे."

"कशाला, डॉक्टरसाहेब? बरी आहे की ती. ह्यांची पाळी सुटायची वेळ झाली, घरी जेवण व्हायचंय."

"अहो, एवढा फरक पडला कसा, ते बघायला नको?"

गुप्त्यांना चेहरे कधी लक्षात राहत नसत. कपाळावरचा आरसा डोळ्यावर ओढला की जगात त्यांना फक्त घसे दिसत. रस्त्यात कुणी नमस्कार केला तरी ते ओळख पटवायला आधी तोंडातच बघतील, अशी दवाखान्यात थट्टा चाले. त्यांनी आरसा ओढला.

"आ कर."

अनुपमाने आईकडे पाहिलं. आई जमिनीकडे पाहत होती. पोरीने आ केला.

गुप्ते वाकले आणि तसेच राहिले. मग त्यांनी केसपेपर पाहिला. ऑपरेशनची तारीख, खाली त्यांचीच सही. पुन्हा वाकले.

घशात दोन्ही टॉन्सिल जागच्या जागी होते, लहानसे, निरोगी, सुरी न लागलेले.

त्यांनी आरसा वर सारला आणि पहिल्यांदाच त्या पोरीच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. शेवंतीने तोंडाला पदर लावला होता.

अनुपमाने तोंड मिटलं.

"माझं नाहीच झालं ऑपरेशन," ती म्हणाली. "शेजारच्या जानकीचं झालं, ती आता गावाला गेलीय. तिचे बाबा गिरणीतले, त्यांच्याकडे कार्ड नाही, म्हणून आईने माझं दिलं."