सकाळी दहाचं रिसेप्शन

जानेवारी १९५६. शनिवारी सकाळी सात वाजता गिरगावात दिवसाचीही संचारबंदी पुकारली गेली.

रात्रीची संचारबंदी होतीच, म्हणून श्यामकांतरावांनी लेकीचं रिसेप्शन संध्याकाळवरून सकाळी दहावर आणलं होतं. खाण्याचा बेत त्यांनी चार दिवस घोळवला. दादरच्या विहीणबाईंनी आइस्क्रीमवर काट मारली, "सकाळी दहाला कसलं हो आइस्क्रीम? बटाटेवडे करा, आणि तिथल्या तिथे तळा!" म्हणून आचारी रामभाऊ आदल्या संध्याकाळीच हॉलवर मुक्कामाला गेले.

नऊ वाजता खालच्या मजल्यावरच्या डॉक्टरांकडे त्यांचा फोन आला.

"श्यामकांतराव, दोनशे माणसांचा शिरा झालाय, वडे तळायला घेतलेत. मंडळी कधी येतायत?"

"कुणीच येत नाही हो, रामभाऊ. आम्हीच घरात कोंडलोय."

"मग असं करू का? दारात बंदोबस्ताचे पोलीस आहेत, रात्रीपासून उपाशी. त्यांना वाढू?"

 

मांडवपरतणीला आलेले जावई शेजारीच उभे होते. संयुक्त महाराष्ट्राच्या परवाच्या मोर्चात बसलेल्या लाठीचे चार टाके त्यांच्या कपाळावर होते. श्यामकांतरावांनी रिसीव्हर त्यांच्या हातात दिला.