निळा गुलाब

दृष्टी गेल्यापासून सासूबाईंनी गुलाबांकडे पाठच फिरवली होती. एका पहाटे सून धावत आत आली. "आई, चला ना! निळा गुलाब उमलतोय."

सासूबाई काठी न घेताच उठल्या. धुक्यात चाचपडत त्यांनी फुलाच्या बाजूच्या कळ्या खुडल्या, पूर्वी प्रदर्शनात गुलाब मांडताना करायच्या तशी, सुनेने हाती दिलेल्या मऊ ब्रशने एकेक पाकळी अलगद उलगडली आणि त्या थंडगार फुलाला गाल लावून कितीतरी वेळ तशाच उभ्या राहिल्या. डोळे पुसत सून पाणी आणायला आत गेली.

कुंपणापलीकडून शेजारीण म्हणाली, "अहो, फूल तर लालभडक आहे!"

"हळू बोला," सासूबाई हसल्या. "गुलाब निळा नसतो, एवढं कळतं हो मला. फक्त तिला कळू देऊ नका."