लाल गट

"बावड्याच्या एजन्सीला लाल गटात टाक," नीळकंठराव म्हणाले.

ट्रॅक्टर कंपनीच्या बारामती कार्यालयात सकाळपासून हेच चाललं होतं. नव्या सॉफ्टवेअरमध्ये डीलरांचे गट पाडायचे होते. हिरवा, पिवळा, लाल. डीलरांना हे गट दिसत नाहीत. लालमध्ये जो गेला, त्याची एजन्सी महिनाअखेर बंद; त्याने सुचवलेल्या माणसालाही कंपनी पुन्हा एजन्सी देत नाही.

राजेश्वरीचा हात माउसवर थांबला. "सर, बावड्याची विक्री चांगली आहे. शिवाय त्यांचा अर्ज आलाय. उघडू का?"

"गेणबाचा अर्ज म्हणजे रडगाणं. टाक म्हटलं ना."

तीन वर्षांपूर्वी नरसिंहपूरच्या डीलर मेळाव्यात बावड्याचा हा डीलर गेणबा त्यांना 'खुर्चीला चिकटलेला गोचीड' म्हणाला होता. अख्खा मांडव हसला. नीळकंठराव ते विसरले नव्हते, विसरायचा विचारही नव्हता. शिवाय बावडा रिकामं झालं की तिथं आपल्या समर्थला बसवता येणार होतं. निवृत्तीला सहा महिने उरले होते आणि पोरगं अजून कशाला लागलं नव्हतं. दोन वर्षं रोज इंदापूरच्या अभ्यासिकेत जायचं, नखांत ग्रीस घेऊन परत यायचं. मोटारसायकलची चेन उतरते म्हणे. असल्या बावळटाला बापाशिवाय कोण उभं करणार?

फोन वाजला. गेणबाच होता.

"नीळकंठराव, माजा अर्ज बगितला का?"

"बघू सावकाश."

"आजच बगा. तुमच्याच भल्याचं हाय."

"तुझं भलं तुझ्यापाशी ठेव."

"तुमचं तोंडबी बगायची इच्छा न्हाय मला. तुमच्यासाठी न्हाय केलं मी ते."

नीळकंठरावांनी फोन कापला.

"सर, एकदा यादीला कुलूप लावलं की वर्षभर गट बदलत नाहीत," राजेश्वरी म्हणाली. "पुण्याच्या मुख्य कार्यालयातूनसुद्धा नाही."

"लाव."

तिने लावलं. नीळकंठरावांनी चहा मागवला, बशीत ओतून चवीने प्यायला. बऱ्याच दिवसांनी त्यांना मोकळं वाटत होतं.

"आता वाच तो अर्ज. बघू तरी काय रडलाय."

राजेश्वरी वाचू लागली. "मला मूलबाळ नाही. आता धंदा झेपत नाही. दोन वर्षं माझ्या वर्कशॉपात बिनपगारी राबून काम शिकलेल्या मुलाच्या नावे एजन्सी करून द्यावी. घरी सांगायला तो भितो, म्हणून अर्ज मी करतोय."



"नाव काय त्या पोराचं?"

तिने स्क्रीन त्यांच्याकडे वळवली.

नवीन मालक: समर्थ नीळकंठ देवकाते.