हवापालट

परीक्षेच्या दिवशी सकाळी वेल्डर आपल्या मुलीचा हात धरून शाळेच्या दारात उभा राहिला, तेव्हा बाईंच्या हातातला उत्तरपत्रिकांचा गठ्ठा पडता पडता राहिला. ही मुलगी आज यायची नव्हती.

तिनं येऊ नये याची तजवीज बाईंनीच केली होती. काल शाळा सुटताना तिला जवळ बोलावून कपाळावर हात ठेवला होता आणि म्हटलं होतं, "अंग गरम लागतंय गं तुझं. उद्या घरीच आराम कर."

शिक्षकांच्या खोलीत या प्रकाराला 'हवापालट' म्हणत. सगळ्या सरकारी शाळांची ही एकच परीक्षा. जिची सरासरी घसरेल ती शाळा बंद, असं वरून कळवलेलं. आणि गैरहजर मूल सरासरीत धरत नसत. तेव्हापासून प्रत्येक वर्गातली कच्ची मुलं परीक्षेच्या आदल्या दिवशी आजारी पडू लागली. "तुमच्याकडून हवापालटीला कोण?" असं चहा पिता पिता विचारलं जाई, आणि सगळ्यांना हसूही येई. बाई हसत नसत, पण उठूनही जात नसत. या वर्षी मुख्याध्यापकांनी त्यांनाच विचारलं, आणि त्यांच्या तोंडून या मुलीचं नाव गेलं.

मुलगी अजून शब्दाखाली बोट धरून वाचायची. तिचं वाचून होईतो बाकीच्यांनी पान उलटलेलं असे. उत्तराचा गोल पेन्सिलीनं भरण्यात मात्र तिचा हात धरणारं वर्गात कोणी नव्हतं. रेघेबाहेर कण जायचा नाही. पण एकेका गोलाला ती इतका वेळ लावी, की पेपर अर्ध्यावरच राही.

"उशीर नाही ना झाला, बाई?" वेल्डर म्हणाला. "ही म्हणते, बाई म्हणाल्या ताप आहे, येऊ नको. मी सकाळपासून हात लावून बघतोय, मला तर काही लागत नाही. पण माझ्या हाताचं काय खरं? घट्टे पडलेत. तापल्या लोखंडाशिवाय काही कळतच नाही त्यांना. हिची आई कामावरून उद्या यायची. म्हटलं, तुम्हीच परत एकदा बघा. नसेल ताप, तर उगीच परीक्षा का बुडवायची? महिनाभर डोकं खाल्लंय हिनं माझं. सकाळी बातम्यांचा पेपर वाचायला घ्यावा, तर त्यातली सगळी शून्यं काळी करून ठेवलेली!"

मुलगी हसली नाही. तिच्या मुठीत दोन्हीकडून टोक काढलेली पेन्सिल होती.

मागून मुख्याध्यापक आले. त्यांना सांगावं लागलं नाही. "अहो, बाईंनी एकदा सांगितलं ना?" ते मोठ्या मायेनं म्हणाले. "पोरीच्या तब्येतीपेक्षा परीक्षा मोठी का? तरी बघा बाई, तुमची खात्री करून घ्या. तुम्ही म्हणाल तसं."

आणि ते तिथेच उभे राहिले.

पहिली घंटा झाली. 'नाही' एवढं म्हटलं की झालं, बाईंच्या मनात आलं. मग काल ताप कुठून आला, असं वेल्डर विचारणारसुद्धा नव्हता. 'उतरला वाटतं' म्हणून हसला असता आणि कामावर गेला असता. इतकं ते सोपं होतं.

मुलीनंच पुढे होऊन कपाळ वर केलं. बाईंनी त्यावर हात ठेवला. नुकतंच धुतलेलं, गार कपाळ होतं.

"काय म्हणता?" वेल्डरनं विचारलं.

बाईंनी हात काढला नाही. मुलीनं डोळे वर करून आधी मुख्याध्यापकांकडे पाहिलं, मग बराच वेळ बाईंकडे.

"आहे, बाबा," ती म्हणाली. "तुला नाही कळायचा. बाईंनी हात लावला की येतो."

"घ्या!" मुख्याध्यापक हसले. "पोरीलाच कळतंय." आणि घड्याळाकडे बघत आत गेले.

वेल्डरचा चेहरा उतरला. "म्हणजे माझंच चुकलं," तो म्हणाला. "तापातल्या पोरीला एवढं चालवत आणलं." तो लगेच पाठ वळवून उकिडवा बसला. "चल, चढ."

"बाबा, मी मोठी आहे आता."

"ताप आलेलं माणूस मोठं नसतं. चढ म्हणतो ना!"

ती चढली. तो उठला आणि चालू लागला.

"अहो—" बाई म्हणाल्या.

तो तसाच वळला, पाठीवरच्या पोरीसकट. "काय, बाई?"

दुसरी घंटा झाली. आतून बाकं सरकल्याचे आवाज आले.

"सांभाळून न्या," बाई म्हणाल्या.

"नेतो की. तुम्ही आहात म्हणून काळजी नाही बघा," तो म्हणाला आणि निघाला.

बाई दारातच उभ्या राहिल्या. मुलगी चांगलीच उंच झाली होती. तिचे पाय बापाच्या गुडघ्यांवर आपटत होते. तिनं मान त्याच्या खांद्यावर टाकली होती. तोंड मागे शाळेकडेच वळवलेलं होतं, पण आजारी माणसानं मिटावेत तसे डोळे तिनं घट्ट मिटून घेतले होते.