पाहुण्यांपासून लांब

बंगळुरूला बनशंकरीतल्या आमच्या दोन खोल्यांत पुण्या-नागपूरचं कुणी ना कुणी कायम मुक्कामाला असायचं. पाच वर्षांची स्वानंदी तर हॉलमधल्या सोफ्यालाच "माझी खोली" म्हणायची. शेवटी मी बायकोला म्हटलं, "यशश्री, आता घर इतकं लांब घेऊ, की पाहुण्यांना नकाशात बघूनच धाप लागली पाहिजे."

सहा महिने आसपासची गावं पालथी घालून आम्ही देवनहळ्ळी पक्की केली. आमची ऑफिसं त्याच बाजूला, हेब्बाळला, त्यामुळे आम्हाला सोयीची. शहरातल्या रेल्वे स्टेशनवरून पाहुण्यांना मात्र दीड-दोन तास. "इतक्या लांब कोण मरायला येतंय!" यशश्री खूश. स्वानंदीने तर स्वतःच्या खोलीला गुलाबी रंगही निवडला.

वास्तुशांतीच्या दिवशी नागपूरचे उल्हासकाका बाल्कनीत जिलबी खात उभे होते. तेवढ्यात डोक्यावरून एक विमान इतकं खाली गेलं, की त्यांनी त्याच्या खिडक्या मोजल्या. जिलबी तशीच हातात धरून ते धावत आत आले.



"अरे, विमानतळ तर दारातच आहे की! पोरीच्या खोलीत दोन पलंग टाका. एक येणाऱ्यांना, एक जाणाऱ्यांना."